तळ्याच्या धरणावरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आभार, रागावून लिहिली असली तरी. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अटलांटाजवळच्या तुमच्या सबडिव्हिजनचं (म्हणजे घरांच्या वसाहतीचं) तळं ५० वर्षं जुनं, बांधाला एक तडा नाही, मग जॉर्जिया स्टेटने ते एकदम कॅटेगरी २ मधून कॅटेगरी १ मध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या गटात, का टाकलं, आणि मी त्याची बाजू घेऊन लोकांना उगाच घाबरवतोय.

तर कॅटेगरीचा आणि तड्याचा काही संबंध नाही हो. बांध कालच बांधलेला, एकदम चकाचक असला तरी तो कॅटेगरी १ असू शकतो, कारण तिथे एकच बघतात, बांध फुटला तर खाली कोणाचा जीव जाईल का. तुमचा बांध बदलला नाही, खाली ओढ्याकाठी घरं आली. "घरं आमच्यानंतर आली, मग खर्च आम्ही का करायचा" ही तुमची तक्रार मला पटते, परवानगी देणाऱ्याने तेव्हाच बघायला हवं होतं. पण पाणी तुमचं आहे. आणि स्टेट काही अशक्य मागत नाही, सगळ्यात लहान गटातल्या धरणाला तिथल्या कमाल संभाव्य पावसाच्या (त्या जागी जास्तीत जास्त पडू शकेल अशा पावसाच्या) पाव हिश्शाचा पूर सांडव्यातून, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेतून, काढता आला की झालं.

"एवढ्याशा तळ्याने काय होतंय" असं लिहिलंय तुम्ही, तेही जॉर्जियात राहून! जॉर्जियातलंच टोकोआ गाव तुमच्यापासून फार तर दोन तासांवर. तिथलं केली बार्न्स धरण एका बायबल कॉलेजच्या मालकीचं, उंची जेमतेम ३८ फूट, पूर्वी त्यावर वीज करायचे, १९५७ नंतर नुसतं फिरायला, मासे धरायला. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री दीडच्या सुमाराला, चार दिवसांच्या पावसानंतर फुटलं आणि खालच्या कॅम्पसवरची ३९ माणसं गेली. पाणी किती, तर साधारण पावणेआठ लाख घनमीटर. (आपल्या भारतातला २०२१ चा धरण सुरक्षा कायदा लावला असता तर उंची, लांबी, साठा बघता हे धरण बहुतेक त्यात बसलंच नसतं.) १९७३ च्या एका फोटोत त्याच्या खालच्या उताराची माती घसरलेली दिसते, १२ फूट उंच आणि ३० फूट रुंद, म्हणजे चार वर्षं आधी. फोटो निघाला, दुरुस्ती नाही निघाली. जॉर्जियाचा सेफ डॅम्स कायदा १९७८ चा आहे, तो उगाच नाही आला.

आता बांधावरची झाडं. "मुळं माती धरून ठेवतात" हे तुमचं म्हणणं डोंगरउतारावर खरं, बांधावर नाही. मोठं झाड वादळात उन्मळलं की मुळांसकट बांधाचा घास घेऊन जातं, आणि वाळलं तर मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. म्हणून बांधावर फक्त गवत, तेही कापलेलं, म्हणजे घुशीसारख्या प्राण्यांची बिळं दिसतात. पण म्हणून उद्याच करवत घेऊन जाऊ नका, जुनी जाड झाडं नुसती कापून बुंधे तसेच सोडले तर कुजायचं काम सुरूच राहतं, ते इंजिनिअरला विचारूनच.

बाकी कॅटेगरी, खर्च, बिल्डर यावर आपण भांडू सावकाश. मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची, जी तुम्ही सहज लिहून गेलात, "पायथ्याशी जरा ओल असते, ती पहिल्यापासूनच आहे." मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच, त्यात नवल नाही. पण ते नितळ आहे की गढूळ? काचेच्या बाटलीत भरा, तासभर ठेवा, तळाशी गाळ बसतो का बघा. गाळ असेल तर बांधाची माती आतून वाहून चाललीये, मग वसाहतीच्या मीटिंगची वाट बघू नका, त्याच दिवशी इंजिनिअरला आणि स्टेटच्या सेफ डॅम्सवाल्यांना फोन करा. नितळ असेल तर तिथे एक खुंटी ठोका आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर ओल तिच्यापुढे सरकली का ते लिहून ठेवा. बाटलीचं काय झालं ते इथेच कळवा.