शिक्क्यावर बसलेला माणूस

अटलांटाला आमच्याकडे पाहुणे आले की कोकाकोलाचं म्युझियम ठरलेलं. मी मात्र त्यांना आधी सोनेरी घुमटाच्या कॅपिटलमध्ये, म्हणजे जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत, ओढून नेते. १९४७ साली जॉर्जियाला एकाच वेळी तीन-तीन गव्हर्नर होते, ते इथेच.

निवडून आलेला यूजीन टॅलमिज शपथेआधीच, डिसेंबर १९४६ मध्ये वारला. मावळते गव्हर्नर एलिस आर्नल खुर्ची सोडेनात. नवे उपगव्हर्नर मेल्विन थॉम्पसन म्हणाले, हक्क माझा. आणि विधिमंडळाने मध्यरात्र उलटून गेल्यावर यूजीनच्या पोरालाच, हर्मनला, गव्हर्नर करून टाकलं. त्याने ऑफिसची कुलपं बदलली. आर्नलनी मग त्याच इमारतीत, चौकशीच्या टेबलावर कारभार मांडला!

हर्मनची मतं तर बघा. मतपत्रिकेवर काही लोकांनी यूजीनऐवजी हाताने दुसरी नावं लिहिली होती; विजेताच वारल्यामुळे त्यातल्या पहिल्या दोघांतून विधिमंडळाने निवडायचं होतं. हर्मन तिसरा. मग त्याच्याच टेल्फेअर काउंटीत ५८ मतं 'सापडली' आणि तो ६७५ वर, थेट पहिला. एका पत्रकाराने यादी तपासली तर त्यात मेलेली माणसं, आणि मतदान चक्क आद्याक्षरांच्या क्रमाने. मेल्यावरही काय ती शिस्त! त्या बातमीला पुलित्झर मिळालं.

माझा हिरो मात्र बेन फोर्टसन, राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट. राज्याचा शिक्का त्यांच्या ताब्यात, आणि तो उमटल्याशिवाय सरकारी कागदाला किंमत नाही. ते व्हीलचेअरवर असत. शिक्का गादीखाली सारला आणि वर बसून राहिले. मार्चमध्ये कोर्टाने थॉम्पसनच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे मिटलं.

इथली जुनी माणसं यूजीनचे किस्से मिटक्या मारत सांगतात. त्याचे ते लाल गॅलिस (हो, आपल्या आजोबांच्या पँटचे तेच, इथेही गॅलसच म्हणतात), ती शेतकऱ्यांपुढची भाषणं. मला नाही गंमत वाटत. १९४६ ला तो लढला तो पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत फक्त गोऱ्यांनाच मत, हा कोर्टाने मोडलेला नियम परत आणतो म्हणून. प्रतिस्पर्ध्यापेक्षा मतं कमी पडली, तरी जिंकला. कारण निकाल एकूण मतांवर नाही, काउंटींच्या 'युनिट'वर लागायचा: काउंटीत जो पुढे, त्याला तिची सगळी युनिट. आणि अख्ख्या अटलांटाच्या काउंटीला ६ युनिट, तर चिमूटभर वस्तीच्या काउंटीलाही २.

बाहेर आवारात त्याचा पुतळा आहे. पाहुणे हटकून तिथे उभे राहून माझ्या हातात फोन देतात. मी तो परत देते आणि म्हणते, चला, आधी फोर्टसनची गोष्ट ऐका.