हटराइट कर भरत नाहीत, जमीन गिळतात? त्या मजकुरातला एकेक आरोप

हटराइट हा सगळी मालमत्ता सामाईक ठेवून शेतीच्या वसाहतींत, म्हणजे कॉलन्यांत, एकत्र राहणारा ख्रिस्ती पंथ. कॅनडातल्या या शेतकऱ्यांवरच्या एका जुन्या माहितीपटाचा दुवा आणि त्याखाली चिकटवलेला एक मराठी मजकूर सध्या इथल्या मराठी गटांत फिरतो आहे. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: "हा माहितीपट म्हणजे या पंथाने करून घेतलेली जाहिरात आहे. हे लोक म्हणजे आमिशच, यंत्रांना हात लावत नाहीत. कर भरत नाहीत, म्हणून तर अल्बर्टातली जमीन गिळत सुटले आहेत. मुलांना शाळा नाही. आत जन्मलेला माणूस बाहेर पडू शकत नाही." (आमिश म्हणजे आधुनिक यंत्रं टाळणारा उत्तर अमेरिकेतला दुसरा ख्रिस्ती पंथ.)

मी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, दक्षिणेला राहतो. आमच्या घरातली कोंबडी, बटाटे आणि गाजरं बाजारात बसणाऱ्या हटराइट बायकांकडून येतात. ज्यांच्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लं त्यांच्याबद्दल असं काही वाचून मला गप्प बसवत नाही.

आधी जाहिरातीचं. हा माहितीपट १९६४ सालचा, कृष्णधवल, अर्ध्या तासाहूनही छोटा. तो काढला कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने, म्हणजे सरकारी पैशाने. दिग्दर्शक कॉलिन लो इथल्याच कार्डस्टनचा. एका कॉलनीने परवानगी दिली म्हणून त्याला आत चित्रीकरण करता आलं, एवढाच त्या कॉलनीचा वाटा. शिवाय त्या वर्षी अल्बर्टात हटराइटांच्या जमीनखरेदीवर बंधनं घालणारा कायदा लागू होता. ज्यांच्यावर असा कायदा होता त्यांनी सरकारकडून स्वतःची जाहिरात करून घेतली, हे मला पटत नाही.

आमिश आणि हटराइट दोघेही सोळाव्या शतकातल्या, मोठेपणी समजून-उमजून बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती चळवळीतले. पण हटराइटांची वाट १५२८ सालीच वेगळी झाली. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोरावियात, ऑस्टरलिट्झच्या रस्त्यावर एक अंगरखा पसरला गेला आणि ज्याच्याकडे जे होतं ते त्याने त्यावर आणून टाकलं. पुढे याकोब हुटरने या मंडळींची घडी बसवली, आणि १५३६ साली त्याला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जिवंत जाळलं गेलं. तेव्हापासून यांचा मुख्य नियम मालमत्तेचा आहे. कॉलनीत कुणाच्याही नावावर गुंठाभर जमीन नसते, जेवण एका पंगतीत होतं आणि मिळकत एका तिजोरीत जाते. ट्रॅक्टर वापरायचा की नाही, यावर त्यांची श्रद्धा अडलेली नाही. उपग्रहाच्या मदतीने सरळ ओळीत चालणारी पेरणीयंत्रं आणि कापणी-मळणीची अवाढव्य कम्बाइन यंत्रं त्यांच्या शेतात सर्रास दिसतात. सरहद्दीपलीकडे अमेरिकेतल्या मोंटानात तर अंडी आणि डुकरं या दोन्हींचं बहुतांश उत्पादन हटराइट कॉलन्यांचंच आहे.

हा फरक किती खरा आहे ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात दिसलं. इंडियानातल्या आमिश मुलांत दम्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के, तर साउथ डकोटातल्या हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के आढळलं. दोन्ही समाजांचं मूळ एकाच भागातलं, खाणंपिणंही बरंचसं सारखं. मोठा फरक गोठ्याचा. आमिश मुलं घराला लागून असलेल्या गोठ्यात वाढतात, हटराइटांची जनावरं मोठ्या यांत्रिक शेडमध्ये, घरांपासून लांब असतात. "आमिशच" म्हणणाऱ्याने एवढं तरी पाहायला हवं होतं.

कराचा मुद्दा लवकर संपतो: हटराइट कॉलनी कर भरते. जमिनीवरचा कर इतर शेतकऱ्यांसारखाच. आयकरासाठी कॅनडाच्या कायद्यात अशा सामुदायिक संस्थांकरिताच कलम १४३ आहे. कॉलनीचं उत्पन्न कागदोपत्री सभासदांत वाटायचं आणि त्यावर कर लावायचा, अशी ती रीत. कुणालाच पगार नाही तर कर मोजायचा कसा, यावर सत्तरच्या दशकापर्यंत सरकार आणि कॉलन्यांत न्यायालयीन वाद होता. "कर भरत नाहीत" ही समजूत बहुधा त्या वादातून उरलेली आहे.

आता जमीन. या मजकुरातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात घातक वाक्य हेच आहे, कारण याच वाक्याचा एकदा कायदा झाला होता.

हटराइट अल्बर्टात हौसेने आले नाहीत. १८७०च्या दशकात ते रशियातून अमेरिकेतल्या डकोटात आले होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्यातल्या चार तरुणांना लष्करात ओढलं गेलं. तिघे होफर आडनावाचे सख्खे भाऊ, चौथा याकोब विप्फ. युद्धात भाग घेणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही, म्हणून त्यांनी गणवेश अंगावर चढवायला नकार दिला. शिक्षा वीस वर्षांची झाली आणि रवानगी अल्काट्राझच्या लष्करी तुरुंगात, तिथल्या अंधारकोठडीत. युद्ध थांबल्यावर त्यांना कॅन्ससच्या लेव्हनवर्थ तुरुंगात हलवलं, तिथे दोघे भाऊ, जोसेफ आणि मायकल, काही दिवसांच्या अंतराने वारले. जोसेफच्या बायकोने शवपेटी उघडायला लावली तेव्हा आत नवऱ्याच्या अंगावर तोच लष्करी गणवेश होता, असं त्यांच्या समाजात आजही सांगितलं जातं. त्याच १९१८ साली बहुतेक कॉलन्या सरहद्द ओलांडून कॅनडात आल्या.

पुढच्या महायुद्धात इथेही तेच. १९४२ साली अल्बर्टाने शत्रू देशांच्या नागरिकांना आणि हटराइटांना जमीन विकण्यावर बंदी घातली, एकाच कायद्यात, एकाच दमात. १९४७ साली नवा कायदा आला: नवी कॉलनी जुनीपासून किमान ४० मैल लांब हवी आणि तिची जमीन ६,४०० एकरांच्या आत हवी. तो रद्द व्हायला १९७३ साल उजाडलं. कॉलन्यांची वाढ त्याने थांबली नाही, कित्येक शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात आणि मोंटानात जाऊन वसल्या.

एकरांचा आकडा ऐकून मराठी माणसाचे डोळे विस्फारणारच, आपण गुंठ्यांत हिशेब करणारी माणसं. पण घरटी भाग लावून पाहा. एका कॉलनीत साधारण पंधरा कुटुंबं धरली तर ६,४०० एकरांत प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाचारशे एकर येतात. अल्बर्टात आज एका शेताचं सरासरी क्षेत्र हजार एकरांच्या वर आहे आणि ते बहुतेक एका घराचं असतं. लोकसंख्या शंभर-दीडशेच्या घरात गेली की कॉलनी दुभंगते, निम्मी कुटुंबं नव्या जागी जातात, म्हणून नवी जमीन लागते. ती बाजारभावानेच घ्यावी लागते. शेजारच्या शेतकऱ्याला त्यामुळे भाव परवडत नाही, ही तक्रार मी समजू शकतो. पण एकत्र राहून पैसे साठवणं म्हणजे गिळणं नव्हे.

शाळा आहे, कॉलनीतच. शिक्षक बाहेरून येतात, प्रांताचा अभ्यासक्रम इंग्रजीत शिकवतात. त्याच्या आधी किंवा नंतर जर्मन शाळा भरते ती वेगळी. बरीच मुलं पंधरा-सोळाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागतात, हे मला आवडत नाही. पण मॅनिटोबा प्रांतात नव्वदच्या दशकापासून ब्रँडन विद्यापीठात हटराइट शिक्षक घडवण्याचा खास अभ्यासक्रम चालला आणि आपल्या मुलांना शिकवायला आपलीच माणसं उभी राहिली. हेही त्या मजकुरात यायला हवं होतं.

राहिला शेवटचा आरोप. माणसं बाहेर पडतात. बाप्तिस्मा विशीत होतो, त्याआधी कित्येक तरुण तेलविहिरींवर किंवा शहरात काम करून पाहतात, काही परततात, काही नाही. दाराला कुलूप नाही. पण बाहेर पडणाऱ्याला वाटा मिळत नाही, आणि हे न्यायालयानेच कायम केलं आहे. मॅनिटोबातल्या इंटरलेक कॉलनीतून पंथ बदलल्यामुळे काढलेल्यांनी आपला हिस्सा मागितला, तेव्हा १९७० साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. चाळीस वर्षं राबलेला माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडू शकतो. आणि कॉलनीच्या निर्णयांत मत असतं ते बाप्तिस्मा झालेल्या पुरुषांना. बाजारात माझ्याशी भावावरून हुज्जत घालणारी, अख्ख्या भाजीमळ्याचा हिशेब तोंडपाठ असलेली बाई त्या बैठकीत मत देत नाही. टीका करायचीच असेल तर ती इथे करा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.