मागून बंद आहे!

आपला देश घरगुती ब्रॉडबँडमध्ये मागे आहे, असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. मागे राहणं काय सोपं असतं? तीस कोटींच्या आसपास घरं असलेल्या देशात तारेवरून येणारं इंटरनेट चार-साडेचार कोटी जोडण्यांवर थोपवून धरायचं म्हणजे चेष्टा नाही. दिल्लीतल्या धोरणकर्त्यांपासून आमच्या सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यासाठी वर्षानुवर्षं झटताहेत. त्यांच्या कष्टांची कुणी दखलच घेत नाही.

आमच्या घरचं नेट बंद पडून आज तेवीस दिवस झाले. त्यामुळे या विषयावर चिंतन करायला मला भरपूर वेळ मिळाला. (हा मजकूर मी गॅलरीत उभा राहून मोबाईलवर टाइप करतोय. हॉलमध्ये रेंज नाही.) चिंतनातून जे हाती लागलं ते देतोय. तुम्हाला घरी नेट घ्यायचं असेल किंवा दुसऱ्याला घेऊ द्यायचं नसेल, सल्ले दोघांनाही उपयोगी आहेत.

सुरुवात सरकारकडून शिकून करा. प्रगती होत नसेल तर मोजपट्टी आखूड ठेवायची. २००४ च्या धोरणात ठरलं की २५६ केबीपीएस (हे नेटच्या वेगाचं माप; हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) म्हणजे ब्रॉडबँड. २०१० पर्यंत अशा दोन कोटी जोडण्या द्यायच्या होत्या, झाल्या एक कोटी दहा लाखांच्या आसपास. २५६ चे ५१२ व्हायला २०१३ उजाडलं आणि ५१२ चे दोन एमबीपीएस व्हायला २०२३. म्हणजे फाइव्ह-जीचा नारळ फुटून तीन महिने झाले तरी ५१२ केबीपीएसवर फोटो उघडायची वाट बघत बसलेला गृहस्थ सरकारदरबारी ब्रॉडबँडवालाच होता. तुम्हीही घरात हेच करा. दहावीतला मुलगा ३५ टक्के मिळवून आला तर ३५ ला डिस्टिंक्शन म्हणा. घर आनंदी राहतं.

दुसरं, बेरीज. तारेवरचे चार कोटी आणि मोबाईलवरचे नव्वद कोटींहून जास्त, हे एकत्र करून फलकावर लावायचे. फरक कुणी विचारत नाही.

आणि फरक विचारू नये म्हणून घरात एकच वाक्य चालू ठेवायचं: ‘मोबाईलवर भागतंय की!’ २०१६ च्या सप्टेंबरात फुकट डेटाचा पाऊस पडला तेव्हापासून हे वाक्य घराघरात आहे. भागतं, नाही कोण म्हणतंय? दिवसाचा दीड जीबी दुपारी तीनला संपतो, मग मुलगी बाबांकडे हॉटस्पॉट मागते, बाबा आईकडे बोट दाखवतात आणि आईचा फोन आजीला कीर्तन ऐकायला दिलेला असतो. चौघांचे चार रिचार्ज जोडले तर वायरच्या नेटचं बिल भागून वर दूधवाल्याचेही थोडे पैसे सुटतील. हे गणित घरात कुणाला करू देऊ नका.

‘पर्यंत’ या शब्दयोगी अव्ययाचा अभ्यास वाढवा. ‘१०० एमबीपीएसपर्यंत’. शून्यही पर्यंतमध्येच येतो.

जाहिरातीतली किंमत पाठ करू नका, तिच्यावर अठरा टक्के जीएसटी बसायचा असतो.

खेड्यात राहत असाल तर तुम्हाला सल्ल्याची गरजच नाही, तुमची सोय २०११ पासून झालेली आहे. त्या साली मंत्रिमंडळानं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली. दोनेक वर्षांत व्हायची होती. पुढे तिचं बारसं भारतनेट या नावानं झालं, मुदती वाढल्या, टप्पे पडले आणि २०२३ मध्ये आणखी १ लाख ३९ हजार कोटी मंजूर झाले. मध्ये दोन लाखांहून जास्त पंचायती ‘सर्व्हिस रेडी’ झाल्यासुद्धा. या शब्दावर मी फिदा आहे. सर्व्हिस रेडी म्हणजे सर्व्हिस मिळते असं नव्हे. नवरदेव बोहल्यावर उभा आहे, अक्षता कोणत्या साली पडतील ते पुढचं पुढे. माझ्या चुलतभावाच्या गावची फायबरची पेटी पंचायतीच्या कपाटाशेजारी आहे. तिच्यावर पल्स पोलिओचे जुने बॅनर ठेवलेत. खोलीची किल्ली ग्रामसेवकाकडे, आणि ग्रामसेवकाकडे तीन गावं. पेटीपासून चुलतभावाच्या घरापर्यंत दोनशे पावलं आहेत. दिल्लीहून गावापर्यंत फायबर आली, पण ही दोनशे पावलं कुणाच्या योजनेत बसत नाहीत.

आता मुख्य सल्ला, म्हणजे तक्रार कशी करावी.

नेट गेलं की आधी राउटरचा लाल दिवा बघावा. त्याला एलओएस म्हणतात, म्हणजे सिग्नल हरवला. तो लुकलुकत असेल तर समजावं, आपल्याला आता बराच निवांत वेळ आहे. मग केबलवाल्या मुलाला फोन करावा. तो पहिल्या दिवशी उचलतो आणि मधुर आवाजात म्हणतो, “सर, मागून बंद आहे.”

मागून म्हणजे कुठून, असं विचारू नये. मी विचारलं. तो म्हणाला, “मेन लाइनच बंद आहे मागून.” चौथ्या दिवशी म्हणाला, “आपल्याकडून ओके आहे सर, मागून यायचंय.” आठव्या दिवशी त्यानं फोन उचलायचं बंद केलं. मग कंपनीच्या नंबरवर फोन केला. तिथे मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं की हिंदी येते. मी ग्राहक क्रमांक सांगितला, नोंदवलेला मोबाईल क्रमांक सांगितला, जन्मतारीख सांगितली. पलीकडची मुलगी म्हणाली, राउटर बंद करून चालू करा. मी म्हटलं, ताई, वायरच तुटली आहे. ती म्हणाली, एकदा करून बघा सर. केलं. काय जातंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया आमच्या सेवेला गुण द्या. दिवा लाल. नवी तक्रार, नवा क्रमांक, चोवीस तास, पुन्हा मेसेज, पुन्हा गुण द्या. असे माझ्याकडे सहा तक्रार क्रमांक जमलेत आणि सहाच्या सहा सोडवलेले आहेत. तुम्ही म्हणाल, ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे जा. जरूर जा, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही. अपील करायचं ते कंपनीच्याच अपिलाधिकाऱ्याकडे. सासूची तक्रार सासूच्या आईकडे. तीन दिवसांवर लाइन बंद राहिली तर भाड्यात सूट द्यावी, असं नियमात आहे. मी त्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “सर, तुमची तक्रार तर क्लोज दाखवते.” म्हणजे कागदावर माझं नेट एका दिवसाच्या वर कधी बंदच नव्हतं! मग सूट कशाची? काय डोकं आहे बघा. हे डोकं वायर ओढण्यात लावलं असतं तर मंगळावर फायबर गेली असती.

शेवटी अकराव्या दिवशी चपला घालून मीच निघालो ‘मागे’ शोधायला. आमच्या गेटपासून वायरीच्या खालून चालत गेलो. वायर विजेच्या खांबावरून गुलमोहरावर, गुलमोहरावरून एका दवाखान्याच्या पाटीवर, तिथून चौकात. चौकात ती जमिनीत शिरते आणि तिथेच खड्डा. ड्रेनेजचं काम. काळ्या नळ्यांची आतडी बाहेर आलेली. जेसीबीवाला बिचारा चहा पीत होता, तो म्हणाला, “आम्हाला सांगितलं खणा, आम्ही खणलं. खाली काय आहे ते आम्हाला काय ठाऊक?” खरंच आहे. ठाऊक व्हावं म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. खणण्याआधी खाली कुणाची वायर, कुणाचा पाइप ते बघायचं. असल्या बेदरकार खोदकामानं देशाचं वर्षाला सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनंच सांगितलं. मी कंत्राटदाराच्या माणसाला विचारलं, हे ॲप आहे का? तो म्हणाला, माझ्या फोनला नेट नाही.

मी शपथेवर सांगतो, तो असंच म्हणाला.

आणि हा रस्ता गेल्या मे महिन्यातच डांबरलेला. त्याच्या आधी पाण्यासाठी खणला, पाण्याच्या आधी गॅससाठी. तीन वेळा पोट फाडलं तेव्हा एकदा एक रिकामी नळी टाकून ठेवली असती, तर पुढची दहा वर्षं कुणालाही तिच्यातून वायर ओढता आली असती. नाही. फायबर टाकायला परवानगी मागायला गेलं की दर मीटरमागे रस्तादुरुस्तीचे पैसे, अनामत, तीन खात्यांचे दाखले. २०१६ साली केंद्रानं मार्गहक्काचे (वायर कुठून, कशी न्यायची त्याचे) नियम केले, २०२४ मध्ये पुन्हा नवे केले. तरीही कंपनीला गुलमोहर स्वस्त पडतो! वायरी झाडावरून लोंबतात ते हौसेनं नाही. आणि वाऱ्यानं फांदी पडली, की मागून बंद.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर राउटर लावा. वीज असेल तेव्हा नेट नसतंच, नसेल तेव्हाही नको का?

हं, तर सल्ले चालले होते. कंपनी बदला, हा पुढचा सल्ला. बाजारात स्पर्धा आहे, ग्राहक राजा आहे. मी राजासारखा दुसऱ्या कंपनीला फोन केला. दुसऱ्याच दिवशी दोन मुलं मोटारसायकलवर ड्रिल मशीन आणि वायरीचं भेंडोळं घेऊन हजर. कंपनीची पेटी आमच्या गेटसमोरच आहे. मोजून चाळीस मीटर. वॉचमननं त्यांना गेटवर अडवलं. सेक्रेटरी काकांची एनओसी लागते. काका म्हणाले, “अहो, आपला एकाशीच करार आहे ना! दुसऱ्याला डक्ट वापरू देता येत नाही. शिवाय भिंतीला भोकं पडतात.”

भोकं पडतात! पार्किंगमध्ये प्लास्टर पडतंय ते चालतं.

दक्षिण कोरियाचं नाव घेतलं की लोक म्हणतात, ते वेगळे, ते शिस्तीचे. तिथे १९९९ मध्ये सरकारनं काय केलं? इमारतींना दाखले द्यायला सुरुवात केली. कुठल्या इमारतीत वायरिंग कसं आहे, किती वेगाचं नेट घेता येईल, त्याची श्रेणी. दाखला असलेला फ्लॅट विकायला सोपा, म्हणून बिल्डर मुकाट वायरी टाकायला लागले. लोक अपार्टमेंटमध्ये दाटीनं राहणारे, एक वायर तळमजल्याला आणली की अख्खी इमारत जोडली जायची. त्यात त्याच वर्षी हानारो नावाच्या नव्या कंपनीनं एडीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं वेगवान नेट, आणलं, जुन्या सरकारी कंपनीला घाम फुटला आणि दर खाली आले. गृहिणींसाठी संगणकाचे वर्ग काढले. झालं. दाटीनं आपण राहत नाही का? आपल्याकडे इमारतींना अशी श्रेणी द्यायचा ट्रायचा नियम आला २०२४ मध्ये. पंचवीस वर्षांनी. एका इमारतीत एकाच कंपनीची मक्तेदारी नको, ही शिफारसही २०१७ पासून पडून आहे. कुणाच्या गावी नाही ती. आमच्या सोसायटीच्या तर नाहीच.

मी काकांकडे कराराची प्रत मागितली. त्यांनी फाइल काढली. करार चार वर्षांपूर्वीचा. केबलवाल्यानं सोसायटीला वर्षाला काही हजार द्यायचे, त्या बदल्यात इमारत त्याची. त्या वर्षी त्या पैशांत लिफ्टला आतून स्टीलचा पत्रा बसवला होता. सर्वसाधारण सभेत ठराव एकमतानं मंजूर. खाली सह्या. अठरावी सही माझी.

मला ती सभा आठवतेय. पार्किंगवरून दोन तास भांडण झालं, सगळ्यांना भुका लागलेल्या, कुणीतरी म्हणालं फुकट पैसे मिळताहेत तर घ्या, आणि आम्ही हात वर करून वडापाव खायला गेलो. बाहत्तर घरं आम्ही लिफ्टच्या पत्र्यापायी विकली. मागून बंद, मागून बंद म्हणत मी अकरा दिवस त्या पोराला शिव्या घातल्या. त्या पोराला महिन्याला काय मिळतं, त्याला विचारून कोण खड्डा खणतो?

म्हणून आता सरळच सांगतो, उपरोध बास झाला. तुमच्या इमारतीतही असाच कागद आहे. जाऊन बघा. बघणार नाही तुम्ही, मला माहीत आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘नेट गेलंय का सगळ्यांचं?’ एवढं टाकाल, खाली पंधरा जण ‘हो’ म्हणतील, एक जण हात जोडल्याचं चित्र टाकेल आणि झोपाल. पंधरा जणांनी मिळून एक अर्ज केला नाही हो गेल्या तेवीस दिवसांत! मी लिहून दिला, तर सही करायला वेळ नाही. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी घरून काम करते, ती रोज लॅपटॉप घेऊन मैत्रिणीकडे जाते, ऊन असो पाऊस असो. तिच्या वडिलांनी पण सही केली नाही. ‘कशाला वाईटपणा घ्यायचा’ म्हणे. नगरसेवक बाकडी वाटायला येतो, तेव्हा त्याच्याबरोबर फोटो काढता. त्याला एकदा तरी विचारलंत, रस्ता खणताना नळी का टाकत नाही?

रविवारी साडेदहाला सभा आहे, क्लब हाउसमध्ये. करार रद्द करायचा विषय मी भांडून घालून घेतलाय. विषय क्रमांक नऊ आहे, पार्किंगच्या नंतर. उठून जाऊ नका. वडापाव मी तिथेच मागवतोय.