चौदा गुंठे आणि एक मुकी रेघ

कोकणात जमिनीच्या तुकड्याला तोंड नसतं, पण त्याच्याविषयी बोलायला वाडीत दहा तोंडं असतात. दगडी कुंपणाचा गडगा कुणाच्या आज्यानं घातला, पाणंद कुणी दीड हात आत ढकलली, सगळं तोंडपाठ. "तो फणस आमचोच, वाकलो मात्र तुमच्या बाजूक," इतक्या बारकाव्यानं हद्द सांगतात. तोच तुकडा आपण संगणकावर माऊसनं गिरवला की उरते एक मुकी रेघ. क्लिक केलं की ती आपला रंग सांगते, लेयर सांगते, क्षेत्रफळ दशांशाच्या पुढं चार घरांपर्यंत सांगते. 'तू कुणाची?' एवढं मात्र तिला विचारायचं नाही.

आराखडे काढायच्या साध्या ऑटोकॅड सॉफ्टवेअरमध्ये तर ती सोयच नाही. तिथं विहिरीचं चिन्ह ब्लॉक म्हणून केलं तर त्याला खोली, कठडा, सामाईक की खासगी अशी ॲट्रिब्यूट्स, म्हणजे माहितीचे कप्पे, लावता येतात. हातानं काढलेल्या पॉलिलाइनला (तुकड्या-तुकड्यांच्या जोडरेघेला) फार तर हायपरलिंक. म्हणजे विहिरीला चार खिसे आणि चौदा गुंठ्यांच्या कलमांच्या बागेला एकही नाही. म्हणून मग ऑटोकॅडचाच नकाशांसाठीचा अवतार, ऑटोकॅड मॅप थ्रीडी, आणि त्यातला ऑब्जेक्ट डेटा, म्हणजे आकाराला चिकटवायची माहिती.

आधी 'डिफाइन ऑब्जेक्ट डेटा'मध्ये टेबल बनवायचं, त्यात रकाने पाडायचे. रकान्याच्या जाती चार: इंटिजर (पूर्णांक), रिअल (दशांश), कॅरॅक्टर (मजकूर) आणि पॉइंट (बिंदू). 'सर्व्हे नंबर' यात 'नंबर' हा शब्द आहे म्हणून भाबडा माणूस इंटिजर निवडतो आणि पहिल्याच गडग्यापाशी १२/३अ समोर उभा राहतो. तिरकी रेघ आणि 'अ' हे इंटिजरला पचत नाहीत. ज्या आकड्याची कधी बेरीज करायची नसते तो आकडा कॅरॅक्टर. सर्व्हे नंबरांची बेरीज तलाठीसुद्धा करत नाही.

मग 'अटॅच/डिटॅच ऑब्जेक्ट डेटा'. किमती भरायच्या, आकार निवडायचा, एंटर. इथं घाई नडते, कारण जितके आकार निवडाल त्या सगळ्यांना तीच किंमत चिकटते. निवडीची खिडकी माऊसनं ओढताना हात जरा लांबला की अख्खी वाडी तात्यांच्या नावावर. चूक सुधारायला पुन्हा अटॅच करताना ओव्हरराइटवर खूण नसेल तर जुनी नोंद तशीच राहते आणि तिच्या बोकांडी दुसरी बसते. सातबाऱ्यावर निदान जुन्या नावाला कंस तरी होतो! आणि शेजारची बाग साधारण तशीच दिसते म्हणून पहिली कॉपी करून कोपरे ओढले, तर आकाराबरोबर मालकही कॉपी होतो.

हे सगळं एकेका आकाराला हातानं करत बसणं म्हणजे काजूबिया एकेक मोजून विकणं. त्यापेक्षा प्रत्येक तुकड्यात त्याचा नंबर मजकूर म्हणून टाकावा आणि 'जनरेट लिंक्स'मधून आतला मजकूर ऑब्जेक्ट डेटात ओढावा. अट दोनच: एका आकारात एकच मजकूर, आणि आकार बंद हवा.

या 'बंद' शब्दानं कोकणातल्या भल्याभल्या सर्व्हेअरांचा चहा गार झालाय. पॉलिलाइन काढताना शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूवर नेमका टेकवला, बिंदू टेकल्याचं सांगणारा स्नॅपचा हिरवा चौकोनही दिसला, डोळ्याला फट नाही. तरीही ती उघडीच असते. 'सी' दाबून क्लोज केलेली रेघ बंद. टेकवलेली रेघ म्हणजे फाटक लोटून ठेवलंय, कडी घातलेली नाही. शिवाय प्रॉपर्टीज उघड्या रेघेचंही क्षेत्रफळ दाखवतात, त्यामुळं संशय यायचं कारणच नाही. शेपफाइल या नकाशांच्या फाइल-प्रकारात निर्यात करताना 'बंद पॉलिलाइन्सना पॉलिगॉन (बंदिस्त क्षेत्र) समजा' ही खूण केली की कडी घातलेले तुकडे जातात आणि लोटलेले मागं राहतात. नकाशात मधेच भोक दिसतं, आणि ज्याची बाग त्या भोकात गेली त्याला वाटतं, हे मुद्दाम केलंय. उपाय फुटकळ आहे: प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्डसमोर 'येस' करायचं. पण काम चोख हवं असेल तर, पहिला आणि शेवटचा असे एकावर एक बसलेले दोन बिंदू उरतात, त्यातला एक काढायचा.

खाडीचा काठ हौसेनं स्प्लाइननं, म्हणजे वळणदार रेघेनं, काढणाऱ्यांविषयी मी फार बोलत नाही. वळण सुरेख येतं, पण शेपफाइलला वक्र रेघ हा प्रकारच ठाऊक नाही. तिथं शेवटी सरळ तुकडेच जातात. पीएडिट या कमांडनं तिची आधीच पॉलिलाइन करून घ्यावी.

खरी मजा गडग्याची. चिऱ्याचा गडगा कागदावर रेघ असतो, जमिनीवर हात-दीड हात जाड असतो. अलीकडच्यानं आपल्या बाजूची कड मोजली, पलीकडच्यानं आपली, की दोन बागांमध्ये एक लांबडी, बिनमालकाची पट्टी तयार होते. ती काढायला ड्रॉइंग क्लीनअप आहे: दुहेरी रेघा पुसणं, जवळजवळचे बिंदू एकत्र ओढणं. त्याला टॉलरन्स, म्हणजे किती अंतरापर्यंतचं एकत्र ओढायचं ते, द्यावा लागतो आणि सगळी मेख त्या आकड्यात आहे. पाऊण मीटर दिलात तर गडगा मिटतो. तीन मीटर दिलात तर पाणंदही मिटते, आणि कोकणात पाणंद गिळणं ही गोष्ट कोर्टात जाते. ड्रॉइंगचं एकक मीटर आहे ना, हेही आधीच बघावं. ०-१४-५० म्हणजे १४५० चौरस मीटरांची बाग मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये १४५ कोटी दाखवते. तेवढा भाव तर महामार्गाला लागून असलेल्या जमिनीलाही नाही. आणि मीटर नक्की करताच यूटीएम या जागतिक नकाशा-जाळ्याचा झोन ४३ उत्तर नेमून टाकावा, आपली सगळी किनारपट्टी त्यातच येते.

आकाराला माहिती किती चिकटवावी? माझं मत विचाराल तर एकच: सर्व्हे आणि हिस्सा मिळून होणारी खूण. बाकी पीक, पोटखराबा, खातेदार हे सगळं एक्सेलमध्ये ठेवावं आणि खुणेवरून जोडावं, कारण मालक बदलतात, गडगा सहसा बदलत नाही. मात्र एक्सेल हा स्वतंत्र बाणा असलेला प्राणी आहे. इंग्रजी आकड्यांत १२/३ लिहिलं की (तारखेत दिवस आधी अशी सेटिंग असेल तर) तो १२ मार्च करतो. घाबरून कॉलम टेक्स्ट केला तर, २०२५ साली लिहिलेलं असेल तर, त्याचा ४५७२८ होतो. म्हणून कॉलम आधी टेक्स्ट करायचा, आकडे मग. त्यातही ड्रॉइंगमध्ये देवनागरी १२ आणि एक्सेलमध्ये इंग्रजी १२, इकडे ३अ आणि तिकडे इंग्रजीतला ए, नाहीतर कुणाच्या तरी बोटाखालून शेवटी निसटलेली एक स्पेस. डोळ्यांना सगळं सारखं, जोडणी शून्य.

एवढं पार पडलं की शेपफाइल. रकान्याच्या नावाला तिच्यात दहाच अक्षरं. 'मालकीहक्क' इंग्रजी अक्षरांत malkihakka असं लिहिलं की मोजून दहा भरतात. 'मालकीहक्क१' आणि 'मालकीहक्क२' असे दोन रकाने असतील तर पुढचे १ आणि २ गळतात आणि दोघे जुळे भाऊ होतात. मजकुराला २५४ बाइट. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजून. म्हणजे सगळी मिळून ८४ चिन्हं. सामाईक सातबाऱ्यावरची नावं त्यात बसवायला गेलात तर थोरल्या काकांपर्यंत नीट येतं, धाकट्याचं आडनाव तुटतं, आणि मुंबईची चुलत भावंडं येतच नाहीत. त्यांना ते कळलं की मात्र ती पुढच्याच गाडीनं येतात.

शेवटी छापील नकाशा अंगणात पसरायचा. तात्या चष्मा पुसतात, बोट गडग्यावरून फिरवतात, क्षेत्रफळाला मान हलवतात, आणि बोट मधेच थांबतं.

"विहीर खय गेली?"

शेपफाइलच्या एका फायलीत एकाच जातीचा आकार राहतो. तुकडे पॉलिगॉन, विहीर बिंदू. तिची निर्यात वेगळी करावी लागते. हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत समजावून सांगितलं जातं, की विहीर आहे, फक्त दुसऱ्या फायलीत आहे.

तात्या चष्मा काढतात. "म्हणजे आता पाणी भरूक त्या फायलीत जावचा काय?"