जलपर्णी नदी साफ करते म्हणून ती काढू नका? माहिती अर्धवट आहे

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, की जलपर्णी मुळा-मुठेचं पाणी फुकटात शुद्ध करते आणि महापालिका उगाच ती काढते. यातलं अर्धंच खरं आहे.

जलपर्णी पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस भराभर शोषते, हे बरोबर. पाणकणीस (काठावरचं उंच, गवतासारखं झाड) चिखलात मुळं रोवून वाढतं, जलपर्णीची मुळं पाण्यात लोंबतात आणि तिथूनच सगळं घेतात. एक रोप उचलून बघा, खाली काळपट, पिसांसारखी मुळं दिसतील. पाण्यात फॉस्फरस कमी असला की ही मुळं लांबच लांब वाढतात, सांडपाण्यात मात्र आखूड राहतात आणि पानं उंच जातात, कारण खाणं शोधायची गरजच नसते.

पण शोषलेलं जातं कुठे? रोपातच राहतं. रोप तिथेच मेलं, कुजलं की सगळं परत पाण्यात, वर कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मग तळाच्या गाळात लोहाला धरून बसलेला फॉस्फरसही सुटतो, म्हणजे पुढच्या जलपर्णीला खत तयार. म्हणून काढायलाच हवी, आणि काढून काठावर ढीग लावू नका प्लीज, पावसात ते परत नदीतच जातं.

नुसती मशीन लावूनही भागत नाही हां. मैलापाणी येतंय तोवर जलपर्णी येणारच, पुण्याचं सांडपाणी भीमेतून उजनी धरणात पोचतं, तिथेही हेच होतं. आणि साध्या एसटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून) नायट्रोजन-फॉस्फरस बराचसा तसाच बाहेर पडतो, तो काढायला वेगळी प्रक्रिया लागते, नगरसेवकाला विचारायचंच तर हे विचारा.