व्हायोलिनच्या तासाला बसून पाहण्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

बडोद्यात व्हायोलिनची खासगी शिकवणी कशी शोधावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी सावकाश, दोनदा वाचली. शिकवणी लावण्यापूर्वी एक तास बसून पाहावा, शिक्षकांना थोडे वाजवून दाखवण्याची विनंती करावी आणि नंतरही मुलाच्या तासाला पालकाने खोलीत बसावे, हा माझा सल्ला आपल्याला गुरूला मंडईतल्या भाजीसारखे चाचपून घेण्याचा वाटला. आपण स्वतः लहानपणी सुरसागर तलावाच्या काठी ज्यांच्याकडे शिकलात, त्यांच्यापुढे असे काही बोलण्याची आपल्या वडिलांची प्राज्ञा नव्हती, असे आपण लिहिता. चांगला गवई व्हायोलिन सहज शिकवू शकतो आणि लहान मापाच्या व्हायोलिनचा आग्रह म्हणजे दुकानदारांची धन, हेही आपले म्हणणे आहे. तीन महिन्यांत पटले नाही तर शिक्षक बदलावा, हे माझे वाक्य तर आपल्याला फार लागले. आणि शेवटी आपण विचारता की मग नऊ वर्षांच्या माझ्या नातवाला मी नेऊ तरी कोणाकडे?

तीन महिन्यांविषयीचा आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून आधी तोच. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नाहीत. बोट केसभर इकडेतिकडे झाले की सूर हलतो, आणि गज, म्हणजे तारांवर घासून सूर काढायची काठी, तारेवर सरळ चालवायला शिकण्यातच कित्येक मुलांचे सहा-सहा महिने जातात. तेव्हा तीन महिन्यांत शिक्षकाचे फळ दिसावे, ही अपेक्षा अन्यायाची होती. ते वाक्य मी मूळ लेखातून काढले आहे. मात्र फळ दिसले नाही, तरी शिक्षकाचे लक्ष कोठे आहे ते पहिल्या तासालाच दिसते, आणि ते बसून पाहण्याचा आग्रह मी सोडू शकत नाही. तो का, हे सांगताना मला घरचेच उदाहरण द्यावे लागेल.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना आम्ही तिला ज्या शिकवणीला घातले, त्या शिक्षकांचे नाव चांगले होते आणि आम्ही आपण म्हणता तसेच, पूर्ण श्रद्धेने, काहीही न विचारता तिला तेथे सोडून येत असू. पाच-सहा मुले एकदम बसत. तारांखालच्या, जेथे बोटे दाबतात त्या पट्टीवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या आणि कोणत्या चिकटपट्टीवर कोणते बोट, हे वहीत लिहून दिलेले होते. चौथ्या महिन्यात तिने सोसायटीच्या गणपतीत एक सिनेमाचे गाणे वाजवले, टाळ्या पडल्या, आणि आम्हाला धन्य वाटले. वर्षभराने काही कारणाने शिक्षक बदलावे लागले. नव्या बाईंनी तिला एकच सूर लांब वाजवायला सांगितला, तिच्या डाव्या मनगटाखाली स्वतःची दोन बोटे ठेवली आणि मला जवळ बोलावून दाखवले की हे मूल सगळे व्हायोलिन डाव्या हाताने उचलून धरते आहे. हातावर भार असला की बोटे तारेवर मोकळी सरकत नाहीत, आणि बोट सरकले नाही तर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, कोठून येणार? उजव्या हाताचा अंगठा काठीसारखा ताठ होता, त्यामुळे गज दाबला जाऊन आवाज खरखरत होता. शिवाय तिचे डोळे सतत त्या चिकटपट्ट्यांवर असत. चिकटपट्ट्या काढल्यावर आपला गंधार (ग हा सूर) उतरला आहे, हे तिला ऐकू येत नव्हते.

त्यानंतरचे तीन आठवडे बाईंनी तिच्या हातात गज दिलाच नाही. तिला पेन्सिल धरायला लावली : अंगठा किंचित वाकलेला, मधले बोट त्याच्यासमोर, करंगळी वरून अलगद टेकलेली. मग फक्त मोकळी तार, गजाच्या मधल्या वीतभर भागाने, तंबोऱ्याबरोबर. वाजवण्यापूर्वी तोच सूर गळ्याने लावायचा, आणि गळा चुकला तर गज उचलायचाच नाही. एका संध्याकाळी मुलीने रडत विचारले, “आई, मला येत होतं ना सगळं?” त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. जुनी सवय मोडायला अकरा महिने लागले. पहिल्या शिकवणीत मी एखादाच तास भिंतीशी बसले असते, तर सूर समजत नसतानाही मला एवढे नक्की दिसले असते, की तेथे तासाभरात मुलांच्या हाताकडे कोणी एकदाही पाहत नव्हते.

म्हणूनच खोलीत बसण्याला मी अविश्वास मानत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस शिक्षक असतात. उरलेले दिवस रियाज घरी होतो, आणि घरी त्या मुलाजवळ आई, बाबा किंवा आजोबाच असतात. कोपर कोठे असावे, गज घोडीला (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याला) समांतर चालला आहे की पट्टीकडे घसरतो आहे, हे घरच्या माणसाने पाहिलेलेच नसेल तर चुकीचा रियाज रोज पक्का होत जातो. मला भेटलेल्या चांगल्या शिक्षकांनी पालकाला हौसेने बसवून घेतले आहे. लहान मूल परक्या घरी एकटे शिकायला जात असेल तर दार उघडे असावे आणि घरचे कोणी तेथे असावे, हे तर संगीताच्याही आधीचे आहे, आणि त्यात कोणत्याही सज्जन शिक्षकाला अपमान वाटण्याचे कारण नाही.

आपण गुरुपरंपरेचा दाखला दिला आहे. तिचा आदर मलाही आहे. पण आपल्याच शहराने या बाबतीत एक वेगळी वाटही घालून दिली आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1886 साली, गायक-वादक मौलाबक्षांच्या हाती येथे गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, क्रमिक पुस्तके तयार केली, आणि जी विद्या तोवर घराण्याच्या उंबऱ्याआड होती ती शहरातल्या सामान्य घरांतल्या मुलांसमोर वर्गात मांडली. विद्या उघड्यावर शिकवली म्हणून तिचा मान कमी झाला, असे बडोद्याने कधी मानले नाही. त्याच शाळेची परंपरा पुढे विद्यापीठात आली, आणि सुरसागरसमोरच्या ज्या इमारतीला आपण सगळे आजही म्युझिक कॉलेजच म्हणतो, तेथे ती चालू आहे. आपल्या गुरुजींनी आपल्याला वर्षानुवर्षे शिकवले, हे आपले मोठे भाग्य. असे गुरुजी ज्या वडिलांना लाभले त्यांना काही विचारावे लागले नसेल. ज्यांना अशा गुरूचे घर माहीत नाही, ज्यांच्या घराण्यात कोणी वाद्याला हात लावलेला नाही, त्या आई-वडिलांसाठी मी लिहिले होते.

गवयाविषयी आपण गजाननबुवा जोशींचे उदाहरण दिलेत. ते मोठे गायक होते आणि मोठे व्हायोलिनवादकही होते, म्हणजे गज त्यांच्या स्वतःच्या हातात होता. ज्याने गज धरलेलाच नाही अशा गवयाला त्यांचे उदाहरण लागू होत नाही. मला येथे व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम आठवतात. गायकी अंगाने, म्हणजे गळ्यातून गावे तसे, व्हायोलिन वाजवण्याचे त्यांचे वैभव ज्यांच्या तालमीतून आले ते पंडित ओंकारनाथ ठाकूर, आपल्या गुजरातचेच, गायक होते. परंतु राजम त्यांच्याकडे आल्या तेव्हा वडिलांनी त्यांना कर्नाटक पद्धतीने व्हायोलिन शिकवलेले होते. हात आधीच घडलेला होता, आणि त्या घडलेल्या हाताला पंडितजींनी गाणे दिले. तेव्हा आपल्या म्हणण्यात मोठे तथ्य आहे, फक्त त्याचा क्रम उलटा आहे. पहिली दोन-तीन वर्षे व्हायोलिन वाजवणाऱ्याकडेच काढावीत. पुढे एखाद्या उत्तम गवयाकडे राग शिकण्याइतके दुसरे सुख नाही. मोठ्या वयात शिकणाऱ्यांनाही हेच लागू आहे, आणि त्यांनी तर संकोच सोडून शिक्षकांना आधीच सांगावे की खांदा किंवा मान दुखते, म्हणजे बैठक त्याप्रमाणे बसवता येते.

आता मापाविषयी. आपण पूर्ण मापाच्या व्हायोलिनवरच शिकलात हे खरे, पण आपण तेव्हा किती वर्षांचे होतात? पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर घोडीपासून वरच्या टोकापर्यंत वाजणारी तार सुमारे 33 सेंटिमीटर असते. शुद्ध मध्यम (म हा सूर) तिच्या चौथ्या हिश्शावर येतो, म्हणजे मोकळ्या तारेपासून आठ सेंटिमीटरहून थोडा पुढे. अर्ध्या मापाच्या वाद्यावर तोच मध्यम सातच्या आसपास सापडतो. (अर्धे माप म्हणजे लांबीने अर्धे वाद्य असा समज असतो, तसे ते नसते.) आठ-नऊ वर्षांच्या तळहाताला हा सव्वा सेंटिमीटरचा फरक फार मोठा आहे. तेवढे ताणण्यासाठी मूल मनगट वाकवते, आणि वाकलेले मनगट पुढे वर्षभर पुरते. खर्चाची आपली काळजी मात्र रास्त आहे. मूल वाढते तसे वाद्य बदलावे लागते, म्हणून लहान मापाचे नवे व्हायोलिन घेण्याऐवजी मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याचे जुने, घोडी आणि खुंट्या नीट असलेले, शिक्षकांना दाखवून घ्यावे. बहुतेक शिक्षकांच्या ओळखीत अशी दोन-चार वाद्ये फिरत असतात.

आणि आपला नातू. प्रथम त्याला काय शिकायचे आहे ते ठरवा, कारण वाद्य एकच असले तरी वाटा दोन आहेत. आपल्या पद्धतीत मांडी घालून बसतात, व्हायोलिनचे टोक उजव्या पावलावर टेकते आणि तारा बहुधा सा-प-सा-प अशा लावतात; पाश्चात्त्य पद्धतीत वाद्य खांदा आणि हनुवटी यांच्यात राहते आणि तारांचे सूर ठरलेले असतात. नऊ वर्षांच्या मुलाला दोन्ही एकदम देऊ नका. हिंदुस्थानी शिकायचे ठरले तर म्युझिक कॉलेजमध्ये जाऊन चौकशी करा. तेथे शिकून गेलेले, आता घरी शिकवणारे कोण आहेत, हे तेथेच चांगले कळते. पाश्चात्त्य हवे असेल तर चर्चमध्ये वाजवणाऱ्यांना विचारा. फोनवरच्या शिकवणीवर पहिल्या वर्षी तरी अवलंबू नका : लांब ओढलेला सूर फोनला पुष्कळदा गोंगाट वाटतो आणि तो तेवढाच कापून टाकतो, शिवाय मनगटाखाली दोन बोटे कोण ठेवणार?

शिक्षकांचे नाव कळले की त्यांच्याकडे दोन वर्षे शिकलेल्या एखाद्या मुलाला ऐका. त्याने कोणते गाणे वाजवले ते सोडून द्या. एक सा लांब, न थरथरता लागतो का तेवढे ऐका. आपले कान तयार आहेत, आपल्याला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल. त्या भेटीला जाताना नातवालाही बरोबर न्या. डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायला सांगून मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेपने मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण कोणतेही माप सुचवण्यापूर्वी शिक्षक हाच आकडा आधी विचारतील.