आण्णांची डबल बेल

परवा मामा आले होते. आण्णा हॉलमध्ये सायकल मारत होते, ती जागेवरची व्यायामाची, घामाने बनियन ओलं. मामा आत ओट्यापाशी येऊन मला म्हणतात, अगं आजारी माणसाला कशाला दमवतेस, बसू दे की निवांत. मामांपुढे काय बोलणार, म्हणून इथे लिहितेय.

आण्णांना पार्किन्सन्स आहे, सहा वर्षं झाली. लोकांना वाटतं पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं. आमच्याकडे हात थरथरायच्या दोनेक वर्षं आधीच माणूस गप्प झाला होता. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर, अख्ख्या गाडीशी गप्पा मारणारा माणूस, तो पेपर उघडेना, मॅच बघेना, कट्ट्यावर जाईना. आम्हाला वाटलं रिटायर झालेत, करमत नसेल, आई तर चिडायची की आयतं मिळतंय म्हणून आळशी झालेत. आता आठवलं की पोटात कालवतं. मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत होत्या हो, आणि डोपामिन काय नुसतं हातपाय हलवायला लागत नाही, एखादी गोष्ट करावीशी वाटायलाही तेच लागतं. साधारण तीनातल्या एका पेशंटला तरी डिप्रेशनचा त्रास असतो, कधीकधी कंपाच्या कित्येक वर्षं आधीपासून. आम्हाला कुणी सांगितलंच नाही, पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळ्या लिहिल्या, "जरा चालत जा" म्हणाले, झालं.

तर "मूड लागला की करतील व्यायाम" असं म्हणत वाट बघू नका. मूड लागत नाही हाच तर आजार आहे! आधी उठवायचं, सायकलवर बसवायचं, मूड मागून आला तर आला. आमच्याकडे दोन महिने रोज भांडण, फरक शून्य. मग एकदा सायकलवरून उतरता उतरता आण्णांनी विचारलं, "स्कोर काय झाला रे?" टीव्ही बंद होता. पण विचारलं!

नेदरलँड्समध्ये १३० पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. अर्ध्यांना घरीच सायकल, आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास, आणि बाकीच्यांना नुसतं स्ट्रेचिंग. सहा महिन्यांनी सायकलवाल्यांच्या हालचाली कमी बिघडलेल्या. पुढे त्यातल्या काही जणांचे एमआरआय बघितले तर मेंदूचा जो भाग आधी निकामी होतो त्याचं काम शेजारचा भाग जास्त उचलायला लागलेला, म्हणजे खंबाटकी घाट जाम झाला की गाड्या दुसऱ्या रस्त्याने काढतात तसं. व्यायामाने उदासी कमी होते हेही पार्किन्सन्सच्या पेशंटवर बऱ्याचदा दिसलंय. पण दमायला पाहिजे, बोलताना धाप लागेल इतपत. (आधी हार्ट आणि बीपी दाखवून घ्या, पार्किन्सन्सच्या पेशंटचं बीपी उभं राहिल्यावर धाडकन पडू शकतं.)

आणि ते "गोळ्या बंद, फक्त व्यायाम" वाले फॉरवर्ड मला पाठवू नका. गोळी लागू असतानाच आण्णांना सायकल जमते, नाहीतर खुर्चीतून उठता येत नाही. डिप्रेशनची वेगळी गोळीही चालू आहे, त्यात लाजायचं काय.

गंमत म्हणजे सायकल झोकात चालते पण बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. मेंदूला आपोआप पाऊल टाकता येत नाही, बाहेरून इशारा मिळाला तर जमतं, म्हणून काही जण फरशीवर पट्ट्या चिकटवतात, काही जण एक-दोन-एक-दोन मोजतात. आमच्या धाकट्याने एकदा सहज मागून "टिंग टिंग" केलं. कंडक्टरची डबल बेल! पाय सुटला. आता घरात दिवसभर टिंग टिंग चालू असतं, शेजारच्या काकूंना वाटतं आम्ही देवपूजा फार करतो.

साडेपाचची गोळी आता लागू झाली असेल, सव्वासहाला निघायचंय चालायला. आण्णा पायरीवर बुटाची नाडी बांधत बसलेत, दहा मिनिटं झाली. मी हात लावायला गेले तर झटकला.